बस्टर कीटनचे शेवटचे काम नेमके कोणत्या लघुपटात आहे?

मूकपटप्रेमी

नमस्कार मंडळी. मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदवीर बस्टर कीटन याच्या अखेरच्या दिवसांतल्या कामाविषयी एक प्रश्न विचारायचा आहे. कीटनचे मूकपट मी कॉलेजात असताना आमच्या फिल्म सोसायटीत पाहिले. ‘द जनरल’ (१९२६) संपून दिवे लागले तरी कोणी जागचे उठत नव्हते, हे मला अजून आठवते. मात्र त्यानंतर या माणसाचे पुढे काय झाले, याचा शोध मी कधी घेतला नव्हता. १९२८ साली स्वतःचे स्वतंत्र युनिट सोडून तो एमजीएम या हॉलीवूडमधल्या बड्या स्टुडिओकडे गेला, तिथे चित्रपटावरची त्याची पकड सुटली, दारू वाढली, संसार मोडला आणि १९३३ मध्ये स्टुडिओने त्याला काढून टाकले, एवढेच मला ठाऊक होते. माझ्यापुरती त्याची गोष्ट तिथेच संपली होती.

गेल्या महिन्यात कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या संकेतस्थळावर ‘द रेलरॉडर’ हा २४ मिनिटांचा रंगीत लघुपट पाहण्यात आला आणि माझी ही समजूत पार मोडून पडली. सत्तरीला टेकलेला कीटन लंडनमध्ये वर्तमानपत्रात कॅनडाची जाहिरात वाचतो, पुलावरून सरळ थेम्स नदीत उडी घेतो आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर पाण्यातून बाहेर येतो. तिथे त्याला रुळांची पाहणी करणारे रेल्वे कामगार वापरतात तसली एक छोटी मोटार ट्रॉली सापडते आणि तिच्यावर बसून तो पार पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत अख्खा देश ओलांडतो. ट्रॉलीवरच्या पेटीतून त्याला हवी ती वस्तू निघत राहते. तो चहाचे सामान बाहेर काढून मांडतो, तेव्हा त्याच्या हातांकडे पाहत राहावे असे वाटते. भरधाव ट्रॉलीवर बसलेला हा माणूस घरच्या टेबलापाशी बसल्यासारखा निवांत असतो. संपूर्ण लघुपटात संवाद एकही नाही.

यानंतर त्याच्या शेवटच्या कामाची माहिती शोधायला बसलो, तर तीन ठिकाणी तीन वेगळी नावे मिळाली. कोणी आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेटच्या ‘फिल्म’ या लघुपटाचे नाव घेते, कोणी रिचर्ड लेस्टरने दिग्दर्शित केलेल्या प्राचीन रोममधल्या संगीतमय विनोदी चित्रपटाचे, तर कोणी ‘द स्क्राइब’ नावाच्या, बांधकामावरील सुरक्षिततेचा प्रचार करणाऱ्या एका लघुपटाचे. यापैकी खरे कोणते? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘द स्क्राइब’चा उल्लेख जिथे जिथे वाचला, तिथे सूर हळहळीचा होता: एवढा मोठा कलावंत आणि शेवटी त्याला प्रचारपटात काम करावे लागले. ही हळहळ योग्य आहे का? ज्यांनी हा लघुपट पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रिळांचा हिशेब

‘शेवटचा’ या शब्दाचे इथे दोन अर्थ निघतात: शेवटी चित्रित झालेला आणि शेवटी पडद्यावर आलेला. तुमचा गोंधळ त्यातूनच झाला आहे. तारखा ओळीने मांडल्या की तो सुटतो.

बेकेटच्या ‘फिल्म’चे चित्रीकरण जुलै १९६४ मध्ये न्यूयॉर्कला झाले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत कीटन ‘द रेलरॉडर’साठी कॅनडात होता. १९६५ मध्ये त्याने इटलीत एका युद्धविषयक विनोदी चित्रपटात काम केले आणि त्यानंतर स्पेनमध्ये लेस्टरच्या चित्रपटात. त्या चित्रपटात रोमच्या सात टेकड्यांना प्रदक्षिणा घालणाऱ्या एरोनियस या म्हाताऱ्याची भूमिका त्याच्याकडे होती. ऑक्टोबर १९६५ मध्ये टोरोंटोत ‘द स्क्राइब’ झाला. ओंटारिओ प्रांतातल्या बांधकाम सुरक्षा संघटनेने तो काढला होता आणि दिग्दर्शन जॉन सेबर्टचे होते. पुढे १ फेब्रुवारी १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या वुडलंड हिल्स इथल्या राहत्या घरी फुप्फुसाच्या कर्करोगाने कीटनचे निधन झाले. लेस्टरचा चित्रपट त्यानंतर, ऑक्टोबर १९६६ मध्ये प्रदर्शित झाला, म्हणून पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या यादीत तो शेवटचा ठरतो. कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचाच हिशेब धरला, तर उत्तर ‘द स्क्राइब’ हेच आहे.

आता हळहळीविषयी. कीटनला विस्मृतीत गेलेला, थकलेला विनोदवीर म्हणण्याची पद्धत पडली आहे. १९३४ नंतरच्या काही वर्षांपुरती ती खरीही आहे. त्या काळात त्याने एज्युकेशनल या कंपनीसाठी आणि नंतर कोलंबियासाठी अगदी कमी खर्चाचे, घाईघाईने उरकलेले लघुपट केले, आणि एमजीएममध्ये इतरांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग रचून देण्याची नोकरीही केली. १९६५ सालच्या कीटनला मात्र हे वर्णन लागू पडत नाही. १९४० मध्ये एलेनॉर नॉरिसशी लग्न झाल्यावर त्याचे घर सावरले. १९४७ मध्ये पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत त्याने काम केले. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजी यांनी ‘लाइफ’ मासिकात मूकपटांतल्या विनोदवीरांवर लिहिलेल्या दीर्घ लेखाने त्याचे नाव पुन्हा चर्चेत आणले. १९५२ मध्ये चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’मध्ये तो दिसला आणि १९६० साली त्याला मानद ऑस्कर मिळाले. सप्टेंबर १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो मंचावर आला, तेव्हा सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. महोत्सवाला मला पहिल्यांदाच बोलावले आहे, पण हे शेवटचे ठरू नये, अशा अर्थाचे तो तिथे बोलला. पाच महिन्यांनी तो गेला.

ज्या माणसाला त्या वर्षी अमेरिका, इटली, स्पेन आणि कॅनडा अशा चार देशांत बोलावणी होती, त्याला कामासाठी लाचार झालेला म्हणणे मला पटत नाही. जाहिराती आणि कंपन्यांचे माहितीपट तो आधीपासून करतच होता; १९६३ मध्ये कोडॅकसाठी त्याने असाच एक लघुपट केला होता. काम आले की ते करायचे आणि नीट करायचे, हा वसा त्याच्याकडे लहानपणापासून होता. पाळण्यातून जेमतेम बाहेर पडल्यावर आईवडिलांबरोबर रंगमंचावर आदळआपट करणारे पोर होते ते. आपण हसलो तर प्रेक्षक हसत नाहीत, हे तो तिथेच शिकला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आजार किती गंभीर आहे हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी त्याला अखेरपर्यंत कळू दिले नव्हते. म्हणजे टोरोंटोला उभा असलेला कीटन स्वतःच्या समजुतीने शेवटचे काम करत नव्हता, पुढचे काम करत होता. आपण मागाहून पाहतो, म्हणून त्या लघुपटावर निरोपाची सावली पडते.

तिसरी घंटा

वरचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तारखांबाबत वादच नाही. माझे मत मात्र थोडे वेगळे आहे. मी अनेक वर्षे प्रायोगिक नाटकांत काम करते आणि तालमीच्या सुट्टीत नव्या मुलांना ‘फिल्म’ आवर्जून दाखवते. कालक्रमाने शेवटचा ‘द स्क्राइब’ असला, तरी कीटनच्या अभिनयाचा शेवट मी ‘फिल्म’मध्ये मानते, आणि त्याची कारणे पडद्यावरच दिसतात.

हा लघुपट बावीस-चोवीस मिनिटांचा. बेकेट यांनी चित्रपटासाठी लिहिलेली ही एकमेव संहिता आहे आणि तिच्या चित्रीकरणासाठी ते आयुष्यात एकदाच अमेरिकेला गेले. दिग्दर्शक ॲलन श्नायडर, कॅमेरामन बोरिस कॉफमन. संपूर्ण लघुपटात आवाज एकच, ‘शूऽऽ’ असा गप्प करण्याचा. एक माणूस कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून भिंतीला चिकटून पळतो, एका उजाड खोलीत शिरतो, खिडकी झाकतो, आरसा झाकतो, पोपटाचा पिंजरा आणि माशाचे भांडेही झाकतो, कारण त्यांनाही डोळे आहेत. कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ त्याच्या पाठीमागे असतो. चेहरा दिसतो तो अगदी शेवटी, एका डोळ्यावर पट्टी असलेला.

ज्या माणसाचा चेहरा साऱ्या जगाने ‘दगडी चेहरा’ म्हणून डोक्यात जपून ठेवला, त्याला घेऊन चेहराच लपवायचा, यासाठी लेखकाकडे फार धैर्य हवे आणि नटाकडेही. या भूमिकेसाठी आधी चॅप्लिनसकट इतरांचा विचार झाला होता. पण दुसऱ्या कोणाच्याही पाठीने हे काम झाले नसते, असे मला वाटते. मुलांना मी नेहमी एकच तुकडा दोनदा दाखवते: खोलीतून मांजर आणि कुत्रा बाहेर काढण्याचा. मांजर बाहेर ठेवावे तर कुत्रा आत येतो, कुत्रा बाहेर ठेवावा तर मांजर आत. मूकपटांतला हा जुनापुराणा प्रसंग कीटन नुसत्या खांद्यांनी आणि पावलांनी करतो. दाराकडे जाताना त्याची पाठ किंचित वाकते आणि परतताना ताठ होते. एवढ्या फरकाने आपल्याला कळते की या खेपेला आपण जिंकलो असे त्याला वाटते आहे.

संहिता त्याला कळली नव्हती आणि तसे तो मोकळेपणाने सांगतही असे. श्नायडर यांनी दोघांच्या पहिल्या भेटीचे वर्णन लिहून ठेवले आहे. कीटन बिअर पीत टीव्हीवर बेसबॉलचा सामना पाहत होता, बेकेट समोर बसले होते आणि दोघांना एकमेकांशी बोलायला फारसे काही सुचत नव्हते. पुढे जुलैच्या उकाड्यात ब्रुकलिन पुलाजवळच्या भिंतीलगत तो न कुरकुरता पुन्हा पुन्हा धावला. नटाला अर्थ कळलाच पाहिजे असा आग्रह आपण तालमीत धरतो. कीटनकडे पाहिल्यावर माझा तो आग्रह बराच सैल झाला. ‘द स्क्राइब’ मीही पाहिला आहे. तो प्रामाणिक आहे, पण त्यात कीटनकडून नवे काही मागितलेले नाही, म्हणून माझ्या लेखी तो दुसऱ्या क्रमांकावर राहतो.

सेंट्रिंग ते स्लॅब

मी चित्रपटांचा जाणकार नाही, बांधकामावर साइट इंजिनिअर आहे. पण ‘द स्क्राइब’ हा लघुपट ज्या लोकांसाठी काढला होता त्यांच्यापैकीच मी एक आहे, म्हणून लिहितो.

कथा साधी आहे. कीटन एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात झाडलोट करणारा माणूस असतो. बांधकामावरच्या सुरक्षिततेवर बातमी करायची आहे हे त्याच्या कानावर पडते आणि तो स्वतःच वार्ताहर बनून साइटवर पोहोचतो. तिथे तो नियम मोडणाऱ्या कामगारांच्या मागे धावतो, त्यांना सावध करू पाहतो, आणि या सगळ्या धावपळीत त्याच्या स्वतःच्या डोक्यावर हेल्मेट नसते. तिथे असते ती त्याची नेहमीची चपटी हॅट, जी तो चांगली फेल्ट हॅट कापून आणि कड साखरेच्या पाण्याने कडक करून स्वतः बनवत असे.

सुरक्षिततेचे चित्रपट आम्ही पुष्कळ पाहतो. बहुतेकांत आधी अपघात, मग रडणारे कुटुंब, मग सूचना असा क्रम असतो आणि कामगार तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढतात. आमच्याकडे सकाळी काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे सगळ्यांना एकत्र करून धोक्यांविषयी बोलतात. एका सकाळी मी ‘द स्क्राइब’चा काही भाग लॅपटॉपवर लावला. आमच्या साइटवर चार राज्यांचे लोक आहेत, भाषा वेगवेगळ्या, आणि नेहमीच्या सूचना दोन वेळा समजावून सांगाव्या लागतात. इथे समजावण्याची गरजच पडली नाही. परांचीवर काम करणारे दोघे सर्वांत आधी हसले, कारण पुढचे पाऊल कुठे चुकणार हे त्यांना माझ्याआधी दिसले होते. आमचे मुकादम साठीचे आहेत. त्यांनी विचारले की हा म्हातारा आधी साइटवर कामाला होता का. चालताना तो पाय टाकण्याआधी जमीन बघतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

मुकादमांचे हे निरीक्षण मला आजवर वाचलेल्या अनेक समीक्षांपेक्षा मोलाचे वाटते. ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ (१९२८) मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि वरच्या खिडकीच्या रिकाम्या चौकटीत तो उभाच्या उभा राहतो. तिथे कॅमेऱ्याची हातचलाखी नव्हती. कुठे उभे राहायचे ती जागा मोजून पक्की केलेली होती आणि दोन्ही बाजूंना काही इंचांचीच मोकळीक होती. आमच्या भाषेत सांगायचे तर ते शुद्ध लाइन-लेव्हलचे, म्हणजे रेष आणि पातळी अचूक जुळवण्याचे काम आहे. दुसरीकडे, ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४) करताना रेल्वेच्या पाण्याच्या टाकीतून अंगावर आलेल्या लोंढ्याने तो खाली आपटला, मान रुळावर आदळली. काही दिवस डोके दुखले, तरी तो काम करत राहिला. त्या वेळी मानेचा मणका मोडला होता, हे कित्येक वर्षांनी एका तपासणीतल्या एक्स-रेमध्ये उघड झाले.

मानेचे हाड मोडल्याचा ज्याला पत्ताही लागला नाही, त्याने सत्तराव्या वर्षी ‘हेल्मेट घाला’ हे सांगणाऱ्या लघुपटात काम केले. ‘तिसरी घंटा’ यांच्या मताचा आदर राखून सांगतो, कीटनकडून इथे नवे काही मागितले नसेल, पण जे मागितले ते त्याच्याइतक्या अधिकाराने देऊ शकेल असा दुसरा नट मला दिसत नाही. धोका म्हणजे काय हे त्याच्या अंगाला ठाऊक होते. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हनुवटीखालचा पट्टा बांधला होता असे मी सांगणार नाही. पण पुढच्या आठवड्यात दोघातिघांनी तो ‘टोपीवाला’ पुन्हा लावा म्हणून मागणी केली, आणि सुरक्षिततेच्या चित्रपटाला अशी मागणी माझ्या नोकरीत पहिल्यांदाच आली.

मूकपटप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ‘द स्क्राइब’ पाहिला. प्रश्न विचारताना मीही नकळत हळहळीच्या बाजूने झुकलो होतो, हे आता जाणवते. तो थकलेला दिसतो, हे नाकारता येत नाही; चेहऱ्याची कातडी ओघळली आहे आणि धावताना पूर्वीची झेप नाही. पण एखाद्या गोष्टीकडे वळून पाहण्याआधी तो जो क्षणभर थांबतो, तो थांबा ‘वन वीक’मध्ये (१९२०) होता तितकाच अचूक आहे. ‘फिल्म’ अजून पाहायचा आहे.

एक शेवटचा प्रश्न. या वयात विनोदाची रचना तो स्वतः करत होता की दिग्दर्शक सांगेल तसे करत होता? ‘द रेलरॉडर’ पाहताना काही प्रसंग हुबेहूब त्याच्या जुन्या वळणाचे वाटले, म्हणून विचारतो.

रिळांचा हिशेब

याचे उत्तर सुदैवाने चित्रित झालेले आहे. ‘द रेलरॉडर’ तयार होत असताना जॉन स्पॉटन यांनी ‘बस्टर कीटन राइड्स अगेन’ हा सुमारे ५५ मिनिटांचा कृष्णधवल माहितीपट काढला आणि तोही कॅनडाच्या त्याच चित्रपट मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. युनिट रेल्वेच्या डब्यातच राहत होते. डब्यात कीटन आणि एलेनॉर पत्ते खेळताना दिसतात, मध्येच त्याला खोकल्याची उबळ येते आणि ती काही केल्या थांबत नाही. तरुण दिग्दर्शक जेराल्ड पॉटर्टन त्याच्याविषयी कमालीचा आदर बाळगून आहे आणि त्याच्या जिवाला जपतोही आहे.

त्यातला एक वाद तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. दरीवरच्या उंच पुलावरून ट्रॉली जात असताना भला मोठा नकाशा उघडायचा, वाऱ्याने तो अंगाभोवती गुंडाळला जाणार आणि त्याच्याशी झटापट करता करता पूल कधी गेला ते कळणारही नाही, अशी कीटनची कल्पना होती. पॉटर्टनला हे धोक्याचे वाटले आणि त्याने पुलावर त्याऐवजी दुसरेच काहीतरी साधे करायचे ठरवले. कीटन डब्यात येऊन धुमसत राहतो. स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल तो बोलतच नाही. पुलाचा प्रसंग वाया जातो आहे, पुलावरची गंमत नकाशातच आहे, हे त्याचे म्हणणे. दिग्दर्शकाने अखेरीस ते ऐकले.

आता ‘द रेलरॉडर’ पुन्हा लावून तो पूल पाहा. आजूबाजूला खोल दरी, ट्रॉली आपल्या गतीने चाललेली, आणि नकाशात पुरता गुरफटलेला तो माणूस त्यातून सुटण्याच्या खटपटीत इतका गढलेला की खाली काय आहे याकडे त्याचे एकदाही लक्ष जात नाही.